तळपायाचा मेलानोमा जांघेत पोचल्यावर: ऑपरेशन या सेवेचा परखड आढावा

त्वचेचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, आता कापून काय उपयोग. दुसरा, उद्याच्या उद्या कापून टाका. आजच्या घडीला दोन्ही चुकीचे आहेत. ऑपरेशन अजूनही या आजारातली मोठी सेवा आहे आणि काही ठिकाणी तिला पर्यायच नाही. पण ते कधी करायचं आणि किती करायचं, याची उत्तरं गेल्या दहा वर्षांत बदलली आहेत. बऱ्याच पेशंटना मात्र अजून जुन्याच पद्धतीची सेवा मिळते आणि तिची किंमत त्यांचा पाय मोजतो.

सगळ्या त्वचा-कॅन्सरबद्दल एका दमात बोलण्यापेक्षा आपल्याकडची एक नेमकी परिस्थिती घेऊ. तळपायावर मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, त्याच बाजूच्या जांघेत हाताला लागणारी गाठ, म्हणजे कॅन्सर पोचून मोठी झालेली लसिकाग्रंथी, बाकी शरीरात काही नाही. म्हणजे तिसरा टप्पा. मेलानोमा भारतात दुर्मिळ आहे, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, टाचेवर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे 'आपली कातडी सावळी, आपल्याला कसला त्वचेचा कॅन्सर' हा समज इथे उपयोगाचा नाही. काळ्या डागाला भोवरी समजून कुरूपाच्या पट्ट्या लावल्या जातात. नखाखालची काळी रेघ मार लागल्याची ठरते. मधुमेह असला की न भरणारी जखम साखरेच्या खात्यावर जाते. जांघेत गाठ येईपर्यंत असे महिने निघून जातात.

सर्वात वाईट दर्जाचं काम सुरुवातीलाच होतं, बायोप्सीत. छोट्या दवाखान्यात डाग करंट देऊन जाळतात आणि तुकडा तपासायला पाठवतच नाहीत. किंवा वरवर खरवडून पाठवतात. मेलानोमात सगळं गणित खोलीवर चालतं. डागाच्या पृष्ठभागापासून सर्वात खोल पेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात, त्याला ब्रेस्लो जाडी म्हणतात. खरवडलेल्या तुकड्यात तळच नसेल तर मोजणार काय? योग्य पद्धत अशी: डाग लहान असेल तर कडेने १ ते ३ मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन अख्खा काढायचा. तळपायावर मोठा पसरलेला असेल तर सर्वात जाड भागातून पूर्ण खोलीचा तुकडा घ्यायचा. हातापायावर छेद लांबीच्या दिशेने हवा, आडवा नको. आडव्या छेदामुळे पुढचं ऑपरेशन विनाकारण मोठं होतं.

जांघेतल्या गाठीचंही तसंच. सोनोग्राफीखाली सुईने पेशी घेतल्या की काम होतं. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीपोटी नातेवाईक नकार देतात आणि मग कुणीतरी गाठ उघडून अर्धीमुर्धी काढतं. नुकसान होतं ते याने. त्या जागेत वण बसतो, थर एकमेकांना चिकटतात आणि नंतर तो सगळा वण कातडीसकट काढावा लागतो. जांघ पहिल्यांदा उघडायची ती पूर्ण ऑपरेशनसाठीच.

यानंतर पेट-सीटी, म्हणजे कॅन्सर कुठे पसरलाय ते दाखवणारा शरीराचा स्कॅन, आणि मेंदूचा एमआरआय. तिसऱ्या टप्प्यात एमआरआय टाळू नये. मेलानोमाला मेंदूची वाट लवकर सापडते आणि पेट-सीटीत मेंदूतले छोटे डाग सुटू शकतात. त्याच बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या तुकड्यावर, बीआरएएफ या जनुकातल्या बदलाची तपासणी सांगावी. गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या मेलानोमात हा बदल जवळपास निम्म्यांत सापडतो, तळपायाच्या मेलानोमात बराच कमी. काहींत केआयटी या जनुकातला बदल मिळतो. तपासणी तरीही करावी, कारण पुढच्या गोळ्या त्यावर ठरतात.

आधी औषध, मग सुरी

या सेवेतला सर्वात मोठा बदल इथे आहे. पूर्वीचा क्रम ठरलेला होता: आधी गाठी काढा, मग वर्षभर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं औषध, द्या. अमेरिकेतल्या स्वॉग या कॅन्सर-संशोधन गटाच्या एस१८०१ या चाचणीत ३१३ पेशंट होते. दोन्ही गटांना पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपी औषधाचे तेच १८ डोस. एका गटाला सगळे ऑपरेशननंतर, दुसऱ्याला ३ आधी आणि १५ नंतर. औषध तेच, ऑपरेशन तेच, फक्त क्रम बदलला. तरी दोन वर्षांनी आजार न वाढता, न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण आधी औषध घेतलेल्यांत ७२ टक्के आणि नंतर घेतलेल्यांत ४९ टक्के निघालं. हे निकाल २०२३ चे. कारण समजायला सोपं आहे. गाठ शरीरात असताना औषध दिलं तर रोगप्रतिकारक पेशींना कॅन्सरचे नमुने भरपूर मिळतात, त्या ओळखायला शिकतात आणि वाढतात. गाठ काढून टाकल्यावर शिकायला फारसं काही उरत नाही.

२०२४ मध्ये नेदरलँड्समधून नादिना चाचणीचे निकाल आले. ४२३ पेशंट. आधी इम्युनोथेरपीची दोन औषधं, इपिलिमुमॅब ८० मिलिग्रॅम आणि निव्होलुमॅब २४० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि सहाव्या आठवड्यात गाठींचं ऑपरेशन. वर्षअखेरीस ८३.७ टक्के पेशंट आजार न वाढता, न उलटता होते. आधी ऑपरेशन झालेल्यांत ५७.२ टक्के. आधी औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के जणांच्या काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर १० टक्के किंवा त्याहून कमी उरला होता आणि त्यांना पुढचं वर्षभराचं औषध देण्यात आलंच नाही. पेशंटच्या खिशाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. जांघेत हाताला लागणारी मेलानोमाची गाठ आहे, ती काढता येण्याजोगी आहे आणि कुणी मेडिकल ऑन्कोलॉजिस्टला न दाखवता थेट ऑपरेशनची तारीख देत असेल, तर ती तारीख घेण्याआधी दुसरं मत घ्या. तीन-चार आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही.

दोन गोष्टी मात्र झाकून ठेवू नयेत. तळपायाच्या मेलानोमावर इम्युनोथेरपीचा परिणाम सरासरीने कमी दिसतो, त्यामुळे वरचे आकडे जसेच्या तसे आपल्या पेशंटला लावता येत नाहीत. क्रमाचं तर्कशास्त्र मात्र तेच राहतं. दुसरं, औषधाचे दुष्परिणाम ऑपरेशनच्या टेबलापर्यंत येतात. ही औषधं पिट्युटरी, थायरॉइड आणि अॅड्रिनल ग्रंथींना सुजवू शकतात. भूल देण्याआधी सकाळचं कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं संप्रेरक), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि सोडियम तपासलेलं हवं. कॉर्टिसॉल तळाला गेलेल्या पेशंटला तशीच भूल दिली तर रक्तदाब कोसळतो आणि नेहमीच्या उपायांना दाद देत नाही. थकवा, उलट्या, डोकेदुखी ही 'कॅन्सरची काळजी' म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. औषध सुरू करण्याआधी सर्वात मोठ्या गाठीत सोनोग्राफीखाली छोटी धातूची क्लिप टाकून घ्यावी. औषधाने गाठ विरघळून गेली तर सर्जनला आणि पॅथॉलॉजिस्टला नेमकी तीच गाठ सापडायला हवी. उलटही घडतं: पहिल्या डोसनंतर गाठ मोठी होते. ती प्रत्येक वेळी आजार वाढल्याची खूण नसते, प्रतिकारपेशी आत शिरल्यानेही गाठ फुगते. पण सलग वाढत असेल, कातडी लाल होऊन फुटायला आली असेल, तर थांबू नये. ऑपरेशन पुढे ओढावं.

पायावरचं काम

जाडी २ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर डागाच्या कडेपासून सगळीकडे २ सेंटिमीटर निरोगी कातडी घेऊन काढतात. १ मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर १ सेंटिमीटर पुरतो, मधल्यांसाठी १ ते २. यापेक्षा जास्त घेऊन आयुष्य वाढत नाही, फक्त जखम वाढते. नखाखालच्या मेलानोमात बोट पुढच्या सांध्यापासून काढणं बहुतेक वेळा पुरतं. गुडघ्याखालून पाय काढायचा सल्ला मिळाला तर कारण विचारा. हाडापर्यंत गेलेला, अख्ख्या पावलात पसरलेला आजार सोडला तर तशी वेळ क्वचितच येते.

तळपायावर २ सेंटिमीटर सोडून काढलं की तळहाताएवढा खड्डा पडू शकतो. तो कसा भरायचा हे जागेवर ठरतं. पावलाच्या मधल्या कमानीवर वजन येत नाही, तिथे मांडीची पातळ कातडी लावली तरी चालते. टाचेवर आणि चवड्यावर पातळ कातडी टिकत नाही, चालताना फाटते. टाचेसाठी कमानीकडची जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून आणतात, हा फ्लॅप उत्तम टिकतो. फ्लॅप फिरवण्याआधी कडांचा पक्का रिपोर्ट हाती असावा. मेलानोमात ऑपरेशन चालू असताना केलेली फ्रोझन तपासणी भरवशाची नसते. कडेला कॅन्सर राहिल्याचं नंतर कळलं तर फ्लॅपही वाया जातो आणि राहिलेली कड शोधणंही कठीण होतं. त्यामुळे जखम व्हॅक्युम ड्रेसिंगखाली झाकून, आठवडा-दहा दिवसांनी रिपोर्ट आल्यावर ती भरणारा सर्जन चालढकल करत नाही, नीट काम करतो आहे.

लावलेली कातडी पहिल्या पाच दिवसांत जगते किंवा मरते. तिच्याखाली रक्त साठलं किंवा ती घसरली तर गेली. पाय उशीवर उंच, संडासलाही पाऊल न टेकता. 'एवढंच दोन पावलं' इथे चालत नाही. मांडीवरची, जिथून कातडी घेतली ती जखम पायापेक्षा जास्त दुखते, हे आधी सांगितलं तर पेशंट घाबरत नाही. ती साधारण दोन आठवड्यांत भरते आणि तिचं ड्रेसिंग रोज उपटायचं नसतं, सुकून आपोआप सुटू द्यायचं असतं.

जांघेतलं काम

खरी परीक्षा इथे असते. जांघेखाली मांडीच्या वरच्या भागात एक त्रिकोण असतो: वर जांघेचा पट्टा, बाहेरून सार्टोरिअस स्नायू, आतून अॅडक्टर लाँगस. या त्रिकोणातली सगळी चरबी आणि गाठी, म्हणजे कॅन्सर असलेल्या-नसलेल्या सगळ्या लसिकाग्रंथी, एकाच तुकड्यात निघायला हव्यात, वेचून वेचून नव्हे. मधोमध मांडीची मोठी धमनी आणि शीर असते. कातडीचे पल्ले किती जाड ठेवायचे यात सर्जनचा हात कळतो. फार पातळ केले तर कडा काळ्या पडून जखम उघडते, फार जाड ठेवले तर गाठी मागे राहतात. वरवरची लांब शीर आजारात अडकलेली नसेल तर वाचवावी, पाय कमी सुजतो. शेवटी सार्टोरिअस वरून सोडवून धमनीवर सरकवून शिवला की जखम उघडली तरी रक्तवाहिनी उघडी पडत नाही. पेट-सीटीत ओटीपोटातल्या गाठी दिसत असतील तर त्याही त्याच भुलेत काढतात. दिसत नसताना सरसकट काढू नयेत.

दर्जा मोजायची एक सोपी खूण रिपोर्टात असते, मोजलेल्या गाठींची संख्या. जांघेतून किमान सहा-सात आणि काखेतून किमान दहा गाठी मोजल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. 'दोन गाठी, दोन्हीत कॅन्सर' असा रिपोर्ट आला तर एकतर ऑपरेशन अपुरं आहे किंवा पॅथॉलॉजिस्टने चरबीतल्या गाठी नीट शोधल्या नाहीत.

जांघेच्या जखमेला त्रास होतो, हे गृहीत धरूनच चालावं. जागा घामाची, वाकण्याची, संडास-लघवीच्या जवळची. कडा काळ्या पडणं, पू, पाणी साठणं, पायातल्या शिरेत गुठळी, हे सगळं इथे काखेपेक्षा जास्त होतं. गुठळी टाळायला पोटात टोचायची हेपॅरिनची इंजेक्शनं बहुधा चार आठवडे असतात, घरी गेल्यावर ती बंद करू नयेत. उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं, भारतीय संडास हे टाके भरेपर्यंत बंद. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच घरी आणून ठेवावी. मांडीच्या पुढच्या भागाला बधिरपणा येतो आणि थोडा कायमचा राहतो.

ड्रेनबद्दल, म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणाऱ्या नळी आणि डबीबद्दल, घरच्यांना कुणी धड सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. डबी कायम दाबलेली, चपटी असली तरच ती ओढते. फुगून गोल झाली की ती नुसती बाटली उरते. रोज ठरलेल्या वेळी मोजपात्रात रिकामी करून आकडा वहीत लिहायचा. आधी लालसर, मग गुलाबी, मग गव्हाच्या काडीसारखं पिवळं पाणी येतं. रोज ८० मिलिलिटर येणारं एकदम ५ वर आलं आणि जांघ टम्म झाली, तर पाणी थांबलेलं नाही, नळी तुंबली आहे. सलग दोन दिवस ३० मिलिलिटरच्या खाली आल्यावर ड्रेन काढतात. जांघेत त्याला दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचं. लवकर काढून मग सिरिंजने पुन्हा पुन्हा पाणी ओढण्यात जंतू आत जातात.

पायाची सूज हा दीर्घ मुदतीचा हिशेब. ऑपरेशनच्या आधीच दोन्ही पायांचा घेर ठरावीक जागी, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या १० सेंटिमीटर वर, १० सेंटिमीटर खाली आणि घोट्याशी, मोजून फाइलमध्ये लिहावा. नंतर 'सूज आहे की वाटते' असा वाद राहत नाही. सूज दाबून ठेवणारे मोजे मापाचे शिवून घ्यावेत; दुकानात मिळणारे मांडीला काचतात आणि वरची सूज वाढवतात. बोटांच्या बेचक्यातली बुरशी, भेगा, अनवाणी चालणं यांतून जंतू शिरतात आणि पाय लाल होऊन थंडी-ताप येतो. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, कारण असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या हत्तीरोगाच्या पट्ट्यातल्या पेशंटमध्ये पायाच्या लसिकावाहिन्या आधीच खराब असू शकतात. त्यांना हा धोका ऑपरेशनपूर्वी वेगळा समजावून सांगायला हवा.

कुठे ऑपरेशन नको

जांघेत काही हाताला लागत नसेल तर आधी पहारेकरी गाठ काढून तपासतात. डागाजवळ किरणोत्सर्गी टेक्नेशियम आणि निळा रंग टोचून, ज्या गाठीत तो पहिल्यांदा पोचतो ती गॅमा प्रोबने, म्हणजे किरण ओळखणाऱ्या उपकरणाने, शोधायची. तिच्यात सूक्ष्म कॅन्सर सापडला की पूर्वी सगळ्या गाठी काढत. २०१७ च्या एमएसएलटी-२ चाचणीने ते मोडून काढलं. सगळ्या काढल्या काय आणि सोनोग्राफीने लक्ष ठेवलं काय, तीन वर्षांनी मेलानोमातून वाचलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे ८६ टक्केच होतं. सूज मात्र २४.१ टक्के विरुद्ध ६.३ टक्के. आजही कुणी 'खबरदारी म्हणून' सगळी जांघ साफ करायला सांगत असेल तर ती खबरदारी नव्हे.

गाठी काढल्यावर रेडिएशन दिल्याने त्या जागी आजार उलटणं कमी होतं, पण आयुष्य वाढत नाही आणि पाय जास्त सुजतो. गाठीची भिंत फोडून आजार बाहेर आला असेल, गाठी खूप असतील, अशा निवडक वेळीच ते घ्यावं.

चौथ्या टप्प्यात, म्हणजे आजार दूरच्या अवयवांत पसरल्यावर, ऑपरेशनचं काम वेगळं आहे. तिथे मुख्य उपचार औषधाचा. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या चेकमेट-०६७ चाचणीत दहा वर्षांनी ४३ टक्के पेशंट हयात होते; २०११ पूर्वी अशा पेशंटचं सरासरी आयुष्य वर्षाच्या आत मोजत. सुरीची गरज लागते ती ठरावीक ठिकाणी. सगळं आटोक्यात असताना एकच गाठ वाढत असेल, मेंदूतल्या डागाचा दाब किंवा रक्तस्राव असेल, लहान आतड्यात गाठ होऊन आतडं अडलं किंवा रक्त जात असेल, किंवा फुटून वास मारणारी, रक्ताळणारी गाठ असेल तर. शेवटच्या प्रकारात आयुष्य लांबत नाही, पण पेशंट घरच्यांत बसू शकतो, आणि आमच्या मते ते ऑपरेशन पूर्ण वसूल आहे.

स्क्वॅमस सेल कॅन्सर या त्वचेच्या दुसऱ्या कॅन्सरचं थोडक्यात. आपल्याकडे तो जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षानुवर्षांच्या जखमेवर, कधी परकराच्या घट्ट नाडीने कमरेवर पडलेल्या व्रणावरही होतो. इथे ऑपरेशन हाच पहिला उपचार, मेलानोमापेक्षा जास्त ठामपणे. तरी डोळा, कान, नाक जाईल इतका तो वाढला असेल तर इथेही क्रम विचारावा. २०२२ मध्ये ७९ पेशंटना ऑपरेशनपूर्वी सेमिप्लिमॅब या इम्युनोथेरपी औषधाचे चारपर्यंत डोस दिले, तेव्हा ५१ टक्क्यांत काढलेल्या भागात कॅन्सर उरलाच नव्हता.

खर्च आणि कागदपत्रं

ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसू शकतो; कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला, दाखल होण्याआधी भेटावं, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. इम्युनोथेरपी त्यात बसते का हे वेगळं विचारावं, कारण एका फेरीचा आकडाच लाखांत जाऊ शकतो. कंपन्यांच्या मदत योजना आणि ट्रस्ट यांची माहिती मेडिकल सोशल वर्करकडे असते. दोनच डोस आधी घेऊन मग ऑपरेशन, हा मार्ग वर्षभराच्या औषधापेक्षा कितीतरी स्वस्त पडू शकतो, हे मेडिकल ऑन्कोलॉजिस्टशी उघड बोलावं. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातली रुग्णालयं इथे सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. गावाजवळ ऑपरेशन करायचं असलं तरी योजना अशा ठिकाणी एकदा ठरवून घ्यावी.

रिपोर्ट घेताना पुढच्या गोष्टी त्यात आहेत का ते काउंटरवरच पाहा: मिलिमीटरमध्ये जाडी, डागावरची कातडी फुटून जखम झाली आहे का, कडांपासूनचं अंतर, मोजलेल्या आणि बाधित गाठी, गाठीची भिंत फुटली का, आणि आधी औषध घेतलं असेल तर जिवंत कॅन्सर किती टक्के. 'मेलानोमा, कडा मोकळ्या' एवढ्या एका ओळीवर पुढचा कुठलाही डॉक्टर नीट निर्णय घेऊ शकत नाही. ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या.

गाठी न काढता लक्ष ठेवायचं ठरलं असेल तर जांघेची सोनोग्राफी पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी. गाठी काढल्या असतील तरी दर भेटीत वणाच्या कडेने आणि पावलापासून जांघेपर्यंतच्या कातडीवरून बोट फिरवून पाहायला हवं. या वाटेवर तांदळाच्या दाण्याएवढी, कधी काळी तर कधी कातडीच्याच रंगाची गुठळी उमटते. ती घरच्या माणसालाच आधी सापडते, म्हणून आंघोळीनंतर महिन्यातून एकदा उजेडात पाहावं आणि सापडली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवावी.